आधी स्तुती, मग झडती : रोजच्या वीस मिनिटांची रीत

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नव्याने येऊ लागलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : रोज देवाची स्तुती करा आणि स्वतःची परीक्षा करा. कशी करायची ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. मग स्तुती म्हणजे मोठ्याने ‘हालेलुया’ म्हणणं आणि परीक्षा म्हणजे झोपताना ‘देवा, माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ हे एका दमात उरकणं, एवढंच उरतं. महिनाभरात दोन्ही कोरडं पडतं, मे महिन्यातल्या पांझरा नदीसारखं.

पुढची रीत नवख्यांसाठी आहे. ख्रिस्ती घरात जन्मूनही एकट्याने प्रार्थनेला कधी न बसलेल्यांनाही ती तितकीच लागू पडते. वेळ वीस मिनिटं : साधारण आठ स्तुतीला, दहा झडतीला (म्हणजे स्वतःच्या परीक्षेला), दोन शेवटाला. सुरुवातीला बारा मिनिटांत उरकलं तरी चालेल, पण क्रम उलटा करू नका.

क्रमावर एवढा जोर का, तर उलट्या क्रमाने बसलेला माणूस दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. एक तर स्वतःच्या चुका मोजत मोजत तो इतका खचतो की देवाकडे बघायचं राहूनच जातं. नाहीतर चुका सापडत नाहीत म्हणून स्वतःवरच खूश होतो. लूक १८ मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) हा दुसऱ्या प्रकारचा. त्याच्या प्रार्थनेची सुरुवात ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ अशीच आहे, पण पुढे आठवड्यातून दोन उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश, आणि दूर उभा असलेला जकातदार आपल्यापेक्षा किती वाईट, हेच. आभारात देवाचं नाव एकदा आलं, बाकी सगळा ‘मी’. आपल्या स्तुतीची कसोटी म्हणून हे लक्षात ठेवा : बोललेल्या वाक्यांत ‘तू’ किती वेळा आला आणि ‘मी’ किती वेळा, ते मोजा. पहिल्या आठवड्यात आकडे बघून थोडं ओशाळायला होईल.

काय लागतं

मराठी बायबल, शंभर पानी वही, पेन. मोबाइलमधलं बायबल चालतं, पण विमान मोड लावून. नाहीतर तिसऱ्या ओवीला (बायबलमधल्या क्रमांक दिलेल्या वचनाला ओवी म्हणतात) कोणाचं तरी ‘गुड नाईट’ येतं.

जागा एकच ठरवा. घर लहान असेल तर ओटा, धाब्याचं घर असेल तर उन्हाळ्यात रात्री धाब्यावर. रात्रीची वेळ बहुतेकांना सोयीची असते, पण कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर वाकून आलेला माणूस जेवल्याजेवल्या झोपतो. त्याने जेवणाआधी बसावं. भुसावळला रेल्वेत पाळीत काम करणाऱ्यांनी घड्याळाकडे न बघता पाळी संपल्यावर बसावं. त्यांचा ‘दिवस’ तिथे संपतो.

वाचता येत नसेल किंवा हाताशी वही नसेल (नवापूर, अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे पालावर वही कुठली) तर पाच बोटं पुरतात. अंगठा स्तुती, तर्जनी उजेड मागणं, मधलं बोट दिवसाची झडती, अनामिका कबुली, करंगळी उद्याचं काम. बोट धरून प्रार्थना करायची आणि झाली की पुढचं बोट. मुलांनाही हे लगेच जमतं.

स्तुती आणि उपकारस्तुती

नवखी माणसं इथे घोटाळा करतात. देवाने केलेल्या कामाबद्दल आभार म्हणजे उपकारस्तुती. देव कसा आहे ते त्याला म्हणून दाखवणं म्हणजे स्तुती. ‘पाऊस दिलास’ हे पहिलं. ‘नीतिमान असो की अनीतिमान, सगळ्यांच्या शेतावर तू पाऊस पाडतोस’ हे दुसरं. मत्तय ५:४५ (म्हणजे मत्तयाचा ५ वा अध्याय, ४५ वी ओवी) मध्ये येशूनेच ते म्हटलं आहे. फरक लहान दिसतो, पण पाऊस न पडलेल्या वर्षी कळतो. नुसत्या उपकारस्तुतीवर उभा असलेला माणूस त्या वर्षी गप्प होतो. स्तुतीची सवय असलेल्याकडे तेव्हाही बोलायला काहीतरी असतं.

दोन्ही करा. आधी स्तुती, मग उपकार.

पायरी पहिली : स्तोत्र मोठ्याने वाचणं

स्तुतीचे शब्द स्वतः जुळवत बसू नका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. हजारो वर्षं माणसं तीच उसनी घेत आली आहेत. पहिल्या महिन्यात एवढी पुरेत : १०३, १३६, ६५, १३९, १३, १५०. फारच थकलात तर ११७, ते फक्त दोन ओव्यांचं. ११९ ला मात्र इतक्यात हात लावू नका. १७६ ओव्या आहेत, नवखा माणूस अर्ध्यात दमतो आणि मग सगळंच सोडतो.

वाचायचं ते ओठ हलवून, ऐकू येईल असं. स्तोत्रं म्हणजे इब्री (हिब्रू) कविता; तिच्यात बहुधा एक ओळ एक गोष्ट सांगते आणि पुढची तीच थोडी वळवून पुन्हा सांगते. दोन ओळींच्या मध्ये एक श्वास थांबा. घाईत वाचलं तर दुसरी ओळ नुसती पुनरुक्ती वाटते. थांबून वाचलं तर ती पहिलीला खोल नेते. १०३ वं स्तोत्र २२ ओव्यांचं आहे, नीट वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात. मिनिटभरात संपलं असेल तर डोळ्यांनी वाचलंत, तोंडाने नाही.

मग त्यातल्या दोन-तीन ओव्या ‘तो’चा ‘तू’ करून पुन्हा म्हणा. १०३:३-५ मध्ये देव करतो अशा गोष्टी ओळीने येतात : क्षमा करतो, बरं करतो, नाशातून सोडवतो, दयेचा मुकुट घालतो, चांगल्या गोष्टींनी तृप्त करतो. ‘तू क्षमा करतोस’ म्हणा आणि थांबा. ‘तू तृप्त करतोस’ म्हणा आणि थांबा. एवढ्याने वाचन संपून बोलणं सुरू होतं.

शेतकरी कुटुंबांनी ६५ वं स्तोत्र पाठ करावं. त्याच्या शेवटच्या पाच ओव्यांत देव जमिनीकडे येतो, तासांना पाणी देतो, ढेकळं बसवतो, सरींनी माती मऊ करतो, पीक उगवून आणतो. ज्याने जूनमध्ये पेरणीसाठी आभाळाकडे बघितलं आहे त्याला यावर प्रवचनाची गरज नाही.

यानंतर आजच्या दिवसातले तीन उपकार, नेमके. ‘सगळ्यासाठी आभार’ चालणार नाही. ‘दुपारी मोटार जळता जळता वाचली’, ‘आईचा ताप उतरला’, ‘कळण्याची भाकर आणि ठेचा पोटभर मिळाला’, असे. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि परत आला एक, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. तीन उपकार नावाने सांगायची सवय म्हणजे त्या एकासारखं वळून मागे येण्याची सवय.

गाणं येत असेल तर इथे एक कडवं म्हणा. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट घरांत असतंच, आणि नारायण वामन टिळकांमुळे (१८६१-१९१९) ख्रिस्ती भजनाला ओवी-अभंगाची चाल मिळाली, तेव्हा पेटी नसली तरी टाळीवर भागतं. प्रार्थना अहिराणीत, मावचीत, पावरीत केली तर देवाला कळणार नाही अशी भीती बऱ्याच जणांना असते. ती काढून टाका. ‘देवा, तुना उपकार’ हे ‘हे दयाघन प्रभो’ पेक्षा जास्त खरं निघतं, कारण पुस्तकी मराठीत माणूस आपोआप नटायला लागतो. स्पीकर मात्र लावू नका. ही वीस मिनिटं गल्लीला ऐकवायची नाहीत.

स्तुती निघतच नसेल तेव्हा

कापूस पावसात भिजला, मेच्या वादळात केळीची बाग आडवी झाली, घरात मयत झालं. अशा दिवशी तोंडाने ‘हालेलुया’ आणि पोटात आग असेल तर ते ढोंग होईल, आणि बायबल ढोंग मागतही नाही. १३ वं स्तोत्र काढा. सहा ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि तो थेट देवालाच विचारलेला आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची ओळही नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. गाऱ्हाणं देवासमोर नेणं हीसुद्धा स्तुती, कारण ऐकणारा आहे हे त्यात धरलेलंच असतं.

नंतर केव्हातरी, त्याच दिवशी नव्हे, हबक्कूक ३:१७-१८ वाचा. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी मी हर्ष करीन. हे दुसऱ्याच्या दुःखावर फेकायचं वचन नाही. ज्याचं गेलं त्याने ते स्वतः उचलायचं.

पायरी दुसरी : उजेड मागणं

एक मिनिट पुरतं, पण गाळू नका. यिर्मया १७:९ म्हणतो की हृदय सगळ्यात कपटी. म्हणजे ज्याची झडती घ्यायची तोच पोलीस झाला तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओव्यांत देवालाच ‘माझी झडती घे’ म्हटलं आहे. त्या दोन ओव्या (२३-२४) पाठ करा, म्हणा, आणि मग मिनिटभर गप्प बसा. मनात दुधाचं बिल, पोराची फी, उद्याची गाडी येईल. त्यांना हाकलू नका, वहीच्या मागच्या पानावर एका शब्दात लिहा आणि पुढे चला. लिहिल्यावर ती परत परत येत नाहीत.

पायरी तिसरी : दिवसातून पुन्हा चालत जाणं

बहुतेकांची गाडी अडते ती इथेच.

कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली का ते बांधावर उभं राहून कळत नाही. बोंड बाहेरून हिरवंगार आणि टणक असतं. अळी अगदी बारीक असतानाच आत शिरते आणि तिने पाडलेलं भोक बुजून जातं. म्हणून शेतात फिरून वीसेक हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून बघायची. विसात दोन किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के, तर उपायाची वेळ झाली असं समजायचं. सगळं शेत कोणी फोडत नाही. झडतीही तशीच. दिवसाचा प्रत्येक क्षण उकरायचा नाही. उठल्यापासून आतापर्यंत मनाने चालत यायचं आणि तीन-चार ठिकाणी थांबून ते बोंड फोडून बघायचं.

थांबायचं कुठे? जिथे आवाज चढला, जिथे पैसे हातातून गेले किंवा आले, जिथे कोणी दिसताच वाट बदलली, आणि जे केलं ते घरी सांगितलं नाही तिथे. ही चार ठिकाणं जवळपास रोज सापडतात.

पहिल्यांदा चांगलं काय झालं ते बघा. राग आला पण गिळला, कोणाला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. त्याचं श्रेय देवाला द्या आणि पुढे व्हा. हे न करता थेट चुकांवर उतरणाऱ्याचं मन हळूहळू या वेळेलाच घाबरायला लागतं.

मग प्रश्न विचारा, पण आपल्या धंद्याचे. निर्गम २० मधल्या दहा आज्ञा नुसत्या वाचल्या तर ‘खून केला नाही, चोरी केली नाही’ म्हणत माणूस दोन मिनिटांत सुटतो. त्याच आज्ञा खान्देशातल्या दिवसाला लावून बघा. कापूस काट्यावर चढवण्याआधी त्याच्यावर पाणी मारलं का? वेचणीची मजुरी किलोवर ठरली होती, मग वजन करताना वेचणाऱ्या बाईला आकडा बघू दिला का? सालदाराला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बोललेले पैसे आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे एकच आहेत का? लेवीय १९:१३ मजुराची मजुरी रात्रभर अडवू नका म्हणतं, १९:३५-३६ खऱ्या तराजूबद्दल बोलतं, आणि याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरीच ओरडते, ती ओरड देवाच्या कानी जाते. पथारीवर मिरची वाळवायला आलेल्या बायांशी मुकादम म्हणून कोणत्या शब्दांत बोललो? व्हॉट्सॲपवर खात्री न करता पुढे ढकललेला मजकूर हा खोटी साक्ष या आज्ञेत बसतो का? मंडळीत कोणाच्या शेजारी बसायचं आणि कोणाच्या नाही हे अजून जातीवर ठरतंय का? शेवटचा प्रश्न आपल्या मंडळ्यांना आवडत नाही. म्हणूनच तो यादीत ठेवा.

नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना गलतीकर ५:२२-२३ मधली आत्म्याच्या फळाची यादी जास्त कामाची : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊच्या नऊ एका रात्री तपासायचे नाहीत. दर आठवड्याला एक घ्या. आणि तिथे शब्द ‘फळ’ आहे, ‘गुणपत्रिका’ नाही. केळीचा घड रोज टेप लावून मोजला म्हणून लवकर भरत नाही.

इथे होणाऱ्या तीन चुका आधीच सांगून ठेवतो. पहिली, दुसऱ्याची झडती. ‘सासू असं बोलली म्हणून मी तसं बोलले’ इथून सुरू होऊन दहा मिनिटं सासूच्या चुकांवर जातात. डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ ही येशूची गोष्ट (मत्तय ७:३-५) आपल्या बोलण्यात म्हण म्हणून रुळली, पण ती आठवते नेमकी दुसऱ्याला ऐकवताना. मनातल्या वाक्यात दुसऱ्याचं नाव कर्ता म्हणून आलं की ते तिथेच तोडा आणि ‘मी’पासून पुन्हा सुरू करा. (होय, स्तुतीत ‘मी’ कमी हवा आणि झडतीत जास्त.) दुसरी चूक, मोह आणि पाप एक समजणं. मनात विचार आला हे पाप नाही; इब्री ४:१५ प्रमाणे येशूची सुद्धा सर्व प्रकारे पारख झाली, पण तो निष्पाप राहिला. विचाराला चहा पाजून बसवून घेतलं का, एवढंच तपासा. तिसरी, धूसर अपराधीपणा. ‘मी वाईटच आहे, माझं काही खरं नाही’ या वाक्यात ना कृत्य आहे, ना वेळ, ना पुढचा रस्ता. देवाचा आत्मा खात्री पटवतो तेव्हा बोट एका ठिकाणी ठेवतो आणि बाहेर पडायची वाटही दाखवतो. २ करिंथकर ७:१० या दोन दुःखांतला फरक सांगतं : एक तारणाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा दोघेही एकाच रात्रीचे गुन्हेगार : पेत्राने येशूला नाकारलं, यहूदाने त्याला धरून दिलं. एक रडून परत आला, दुसरा परत आलाच नाही.

आणि हे स्पष्ट लिहायला हवं : झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं दोन आठवडे चाललं असेल तर झडती थांबवा. तेव्हा प्रश्न पापाचा नसून आजाराचा असू शकतो. पाळकांना सांगा, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो. स्तोत्र १०३ म्हणा आणि तिथेच थांबा, बाकीचं बरं झाल्यावर.

पायरी चौथी : कबुली, ‘पण’ न लावता

शमुवेलाच्या पुस्तकांत दोन राजांच्या दोन कबुल्या आहेत. शौल म्हणतो, मी पाप केलं, पण लोकांना घाबरलो. पाप केलं, तरी वडीलजनांसमोर माझा मान राख (१ शमुवेल १५). नाथान संदेष्टा समोर उभा राहतो तेव्हा दावीद एवढंच म्हणतो : मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे (२ शमुवेल १२:१३). पाप दावीदाचं भयंकर होतं, कबुली मात्र सरळ. आपली कबुली यांतल्या कोणासारखी आहे ते ‘पण’ या शब्दावरून ओळखा.

कृत्याला त्याचं नाव द्या. ‘थोडं इकडचं तिकडे झालं’ असं नको. ‘वजनात दोन किलो मारले’ म्हणा. ‘बोलण्यात तिखटपणा आला’ असंही नको. ‘पोरासमोर बायकोला कमी लेखलं’ म्हणा. ‘देवा, आज मी चुकनू’ हे सुरुवातीला ठीक, पण कुठे चुकनू ते पुढच्या वाक्यात आलं पाहिजे. स्तोत्र ३२ मध्ये गप्प राहिलेल्या माणसाची हाडं झिजतात, त्याच्यातली ओल उन्हाळ्यात आटावी तशी आटते. ज्यांनी जळगावचा मे बघितला आहे त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

जुना, मोठा दोष असेल तर ५१ वं स्तोत्र घ्या. पश्चात्तापाची म्हणून परंपरेने सात स्तोत्रं मानली जातात : ६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या आठवड्यांत) आठवड्याला एक घेतलं तर सहज बसतात.

कबुलीनंतर १ योहान १:९ मोठ्याने वाचा : आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू व न्यायी आहे, तो क्षमा करील. वाचलं की विषय बंद. तेच पाप उद्या रात्री पुन्हा कबूल करणं ही नम्रता वाटते, पण त्यामागे अविश्वास असतो. मीखा ७:१९ म्हणतो की देव पापं समुद्राच्या तळाशी टाकतो. आपण रोज गळ टाकून बसायचं कारण नाही. पाप पुन्हा केलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुन्हा कबुली. कॅथलिक घरांत गंभीर पापासाठी धर्मगुरूंकडे प्रायश्चित्त संस्काराला जाण्याची शिस्त आहे; रात्रीच्या या झडतीने तिथे काय सांगायचं ते आयतं नीट मांडलेलं असतं.

पायरी पाचवी : उद्याचं एक काम

एकच. त्यात माणसाचं नाव आणि वेळ हवी. ‘यापुढे प्रेमाने वागीन’ हे काम नव्हे. ‘उद्या सकाळी साडेसातला, डबा घ्यायच्या आधी, तिची माफी मागीन’ हे काम. पैशाचं पाप असेल तर पैसे परत केल्याशिवाय पायरी पूर्ण होत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात नुकसान भरून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे (गणना ५:७), म्हणजे हजार दाबले असतील तर बाराशे. जक्कय या जकातदाराने त्याच्याही पुढे जाऊन चौपट देईन म्हटलं (लूक १९:८). आणि मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीजवळ आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जायचं.

एक सावधगिरी. सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतं. तुमच्या कबुलीने तुमचं मन हलकं होणार आणि तिसऱ्याचं घर मोडणार असेल, तर आधी पाळकांशी किंवा एखाद्या पोक्त, तोंडाने घट्ट माणसाशी बोला. आणि घरात मार खाणाऱ्या बाईने ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ अशी झडती घेत बसू नये. ते पाप मारणाऱ्याचं. तिचं उद्याचं काम म्हणजे सुरक्षित जागा आणि मदत शोधणं.

शेवटी पुन्हा स्तुतीची एक ओवी, उभं राहून. प्रभूची प्रार्थना म्हणा. झोपा.

वही कशी ठेवायची

रोज दोन ओळी, त्याहून जास्त नाही. वरच्या ओळीत एक उपकार, खालच्या ओळीत उद्याचं काम. पाप तपशिलाने लिहू नका; वही कोणाच्याही हाती पडू शकते, आणि घरात पोरं असतात.

एखादी खोड सुटतच नसेल तर लोयोलाच्या इग्नाशियस या सोळाव्या शतकातल्या कॅथलिक संताने घालून दिलेली युक्ती वापरा. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली, पण युक्ती आजही चालते. एकच दोष निवडायचा, सकाळी उठताना त्याच्याविरुद्ध निश्चय करायचा, दुपारी जेवणानंतर आणि रात्री तो किती वेळा झाला ते आठवून रेघेवर तेवढे ठिपके द्यायचे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडायची, हा आठवडा मागच्या आठवड्याशी. दोष घडला त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कोणाला कळत नाही. शिवी तोंडात असणाऱ्यांना आणि तंबाखूची पुडी सुटत नसणाऱ्यांना ही रीत विशेष लागू पडते. ठिपके वाढले म्हणून घाबरू नका. पहिल्या आठवड्यात ते वाढतातच, कारण आधी मोजत नव्हतात.

प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री

ज्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असेल (अनेक मंडळ्यांत महिन्याचा पहिला), त्याच्या शनिवारी वीस मिनिटांऐवजी चाळीस काढा. १ करिंथकर ११:२८ मध्ये स्वतःची परीक्षा करावी असं आहे, आणि तीच ओवी पुढे म्हणते, मग ती भाकर खावी. नवखी माणसं पहिला अर्धा भाग ऐकतात आणि ‘मी लायक नाही’ म्हणून मागे बसून राहतात. लायक कोणीच नसतं. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा इशारा अयोग्य रीतीने खाण्याबद्दल आहे, आणि ती रीत कोणती ते २१ व्या ओवीत स्पष्ट आहे : करिंथात एक जण भुकेला राहत होता, दुसरा पिऊन तर्र होत होता. म्हणजे शनिवारचा मुख्य प्रश्न हा : या मेजावर माझ्या शेजारी बसणाऱ्या कोणाला मी कमी समजतो? कोणाशी बोलणं बंद आहे? शनिवारी फोन करून ते बोलणं सुरू करता येतं. समोरच्याने फोन उचलला नाही तरी तुमच्या बाजूचं काम झालेलं असतं.

मुलांसोबत

कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांची, दोनच प्रश्न : आज देवाने काय चांगलं केलं, आणि आज कोणाला ‘सॉरी’ म्हणायचं आहे. उत्तर आधी आईवडिलांनी द्यायचं, खरं. बाप जेव्हा मुलांसमोर ‘आज मी उगाच ओरडलो’ म्हणतो तेव्हा पोरांना झडती म्हणजे काय ते कळतं. प्रार्थनेचा वापर टोमण्यासाठी करू नका. ‘हे प्रभो, या पोराला अभ्यासाची बुद्धी दे आणि मोबाइल सोडव’ ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते हे पोराला पक्कं माहीत असतं.

दिवस चुकले तर

चुकतील. लग्नसराई येईल, वेचणी येईल, दवाखाना येईल. तीन दिवस राहून गेले म्हणून चौथ्या रात्री चार दिवसांची झडती एकदम घ्यायला बसू नका. आठवणारही नाही, आणि तासाभराचं ओझं झालं की पाचवी रात्रही जाईल. स्तोत्र ११७ काढा, दोन ओव्या मोठ्याने वाचा, आणि फक्त त्याच दिवसाची तीन बोंडं फोडून बघा.